बुचाचें जाकीट आणि तपासनिसाचा दाखला

ऐतिहासिक कागदाच्या शेवटीं मोर्तब उमटलेलें दिसलें, कीं संशोधकाचें मन निम्में निर्धास्त होतें. मोर्तब खरें, हातवळण खरें, मित्या जुळतात, तेव्हां मजकूरही खराच, असें आपण नकळत धरून चालतों. परंतु कागद सर्वथा अस्सल असूनही त्यांतील विधान साफ खोटें असूं शकतें. याचें एक ठळक उदाहरण जहाजांवरील जीवरक्षक जाकिटांच्या नियमांच्या इतिहासांत सांपडतें, आणि तो इतिहास नीट उलगडावयाचा तर त्या उदाहरणापासूनच आरंभ करावा लागतो.

ता. ५ मे १९०४ रोजीं न्यूयॉर्क बंदरांत 'जनरल स्लोकम' या प्रवासी आगबोटीची सरकारी तपासणी झाली, आणि तिजवरील जीवरक्षक साधनें ठीक असल्याचा दाखला तिला मिळाला. ही लांकडी आगबोट १८९१ सालीं बांधलेली होती. पुढें दीड महिनाही लोटला नाहीं तोंच, ता. १५ जून रोजीं, शहरांतील जर्मन वस्तीच्या सेंट मार्क चर्चची वार्षिक सहल घेऊन ती ईस्ट नदींतून निघाली. दिवस बुधवारचा, म्हणजे कामाचा. त्यामुळें पुरुष थोडे, व बोटीवरील तेराशेंहून अधिक जीवांत बहुतेक बायकामुलेंच होतीं. पुढच्या भागांतील दिव्यांच्या खोलींत आग लागली. पाण्याचे नळ दाब येतांच फुटले. लोकांनीं वरच्या फळ्यांतून जाकिटें ओढलीं, तों कित्येकांचे बंद तुटून हातांत आले, कापड फाटलें, आणि आंतून बुचाचा भुगा डोक्यावर सांडला. ज्या आयांनीं तीं जाकिटें आपल्या मुलांना घट्ट बांधून मुलें पाण्यांत सोडलीं, त्यांना तीं बुडतांना पाहावीं लागलीं. कप्तानानें जळती बोट नॉर्थ ब्रदर बेटाच्या कांठाला लावली, पण तोंवर फार उशीर झाला होता. मृतांचा आंकडा १०२१ असा सामान्यतः देतात. चौकशी मंडळानें याहून कांहींसा कमी धरला आहे.

आतां दाखला व वस्तू समोरासमोर ठेवून पाहूं. बोटीवर जाकिटें किती होतीं? सुमारें अडीच हजार, म्हणजे माणसांच्या जवळजवळ दुप्पट. संख्येच्या बाबतींत कायद्याला बोट ठेवण्यास जागा नव्हती. परंतु तीं १८९१ सालचीं जाकिटें तेरा वर्षें त्याच फळ्यांत, ऊन, वारा व दमट हवा खात पडून राहिलीं होतीं. कापड कुजलें होतें, बुचाचें पीठ झालें होतें. तपासनिसानें एखादें जाकीट जरी खालीं काढून जोरानें ओढलें असतें, तरी दाखल्याचा मजकूर निराळा झाला असता.

दोष एकट्या तपासनिसाचा होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. नियमाची घडणच तशी होती. प्रत्येक प्रवाशामागें एक जीवरक्षक साधन असावें, असें अमेरिकेच्या कायद्यानें १८५२ सालींच ठरविलें होतें. १८५४ मध्यें इंग्लंडांत जीवरक्षक-नौका संस्थेचे कप्तान वॉर्ड यांनीं बुचाच्या पट्ट्यांचें जाकीट तयार केलें. ता. ९ फेब्रुवारी १८६१ रोजीं व्हिटबी येथें तेरा जणांची जीवरक्षक नौका उलटली. बारा बुडाले, आणि एकटा हेन्री फ्रीमन वांचला. नवें जाकीट त्याच्याच अंगावर होतें. बुचावरील लोकांचा विश्वास अशा प्रसंगांनीं दृढ झाला, तो योग्यच. १८८८ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें व्यापारी जहाजांच्या जीवरक्षक साधनांसंबंधीं स्वतंत्र कायदा केला. पण मोजावयाचें काय, तर नग आणि वजन! एका जाकिटांत सहा रत्तल चांगलें बूच असावें, हा अमेरिकन नियम. ज्या वस्तूनें तरंगावयाचें, तिची परीक्षा तराजूवर. या विसंगतीचा फायदा कोणी घेतला नसता तरच नवल. स्लोकमच्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षीं न्यू जर्सींतील एका कारखान्याच्या बुचाच्या ठोकळ्यांत सुमारें सहा इंच लांबीच्या लोखंडी कांबी सांपडल्या. वजन भरलें होतें, कायदा संतुष्ट होता! (या कांबी स्लोकमवरील जाकिटांतच होत्या असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. स्लोकमवरील जाकिटें निराळ्या कारखान्याचीं व तेरा वर्षांपूर्वींचीं होतीं. त्यांना बुडविण्यास लोखंडाची गरजच नव्हती.)

कप्तानाला १९०६ मध्यें दहा वर्षांची शिक्षा झाली. १९११ मध्यें तो सशर्त सुटला, व पुढल्या वर्षीं अध्यक्ष टाफ्ट यांनीं त्याला माफी दिली. तपासनिसाच्या खटल्यांत पंचांचें एकमत झालें नाहीं. सदोष जीवरक्षक साधनें जाणूनबुजून बनविणें हा गुन्हा ठरविणारा कायदा मात्र १९०५ मध्यें झाला.

यानंतर आठ वर्षांनीं 'टायटॅनिक' बुडालें. त्यावर ३५६० जाकिटें होतीं व तीं चांगलीं होतीं. माणसें तरंगलीं, पण गोठणबिंदूजवळच्या पाण्यांत थंडीनें मेलीं, कारण होड्याच पुरेशा नव्हत्या. त्या घटनेवरून ता. २० जानेवारी १९१४ रोजीं लंडन येथें समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्धामुळें तो अमलांत आला नाहीं, आणि १९२९, १९४८, १९६०, १९७४ असे पुढचे करार होत गेले. दरम्यान बुचाच्या जोडीला कपोक, म्हणजे आपल्या सावरीच्या जातीचा कापूस, आला. तो अंगाला मऊ व वजनाला हलका, परंतु तेल लागतांच त्याची तरण्याची शक्ति कमी होते. दुसऱ्या महायुद्धांत तेलानें माखलेल्या समुद्रांत हा दोष फार जाणवला.

खरी कलाटणी त्याच युद्धांत मिळाली. एडगर पास्क नांवाच्या इंग्रज वैद्यानें स्वतःला भूल देववून, श्वासनलिकेंत नळी घालून, निरनिराळीं जाकिटें अंगावर चढवून आपल्याला तलावाच्या पाण्यांत टाकावयास लावलें. शुद्धीवर नसलेल्या माणसाचें तोंड जाकीट वर राखतें कीं नाहीं, एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. कित्येक जाकिटें माणसाला उत्तम तरंगवीत होतीं, पण पालथा! नियम लिहिणाऱ्यांनीं शंभर वर्षें जो प्रश्न विचारला नाहीं, तो या गृहस्थानें आपल्या देहानें विचारला.

१९६० च्या करारांत बेशुद्ध मनुष्याला उताणा करून त्याचें तोंड वर धरणें, तेलानें तरणशक्ति न घटणें, ठळक रंग व शिटी, या अटी स्पष्ट आल्या. १९८३ च्या दुरुस्त्या ता. १ जुलै १९८६ पासून लागू झाल्या, आणि १९९८ मध्यें अमलांत आलेल्या जीवरक्षक साधनांच्या संहितेनें तर तराजू पार बाजूस सारला. कोणत्याही स्थितींतून पांच सेकंदांत माणूस उताणा झाला पाहिजे, अशी अट २०१० पर्यंत होती. तोंड पाण्यापासून १२० मिलिमीटर वर राहिलें पाहिजे, अशीही अट तोंवर होती. चोवीस तास गोड्या पाण्यांत बुडवून ठेवल्यावर तरणशक्ति शेंकडा पांचाहून अधिक घटतां कामा नये. साडेचार मीटर उंचीवरून उडी मारली तरी जाकीट जागचें हलूं नये. २०१० सालापासून तान्ह्या मुलांचीं जाकिटेंही प्रवासी जहाजांवर सक्तीचीं झालीं. स्लोकमवरील बायकामुलांची आठवण ठेवणाऱ्याला या कलमाशीं क्षणभर थांबावेंसें वाटेल.

या सर्व कसोट्या नमुन्याच्या जाकिटावर घेतल्या जातात. फुगवावयाच्या जाकिटांची तपासणी दर बारा महिन्यांच्या आंत करवून घ्यावी लागते. बाकी जहाजावर फळीत रचलेलें प्रत्येक जाकीट कोणी पाण्यांत टाकून पाहत नाहीं. त्याच्यापुरता आधार अद्यापि तपासनिसाच्या दाखल्याचाच आहे.