अंतराकशेरुक चकतीचे विकार : इतिहास

पाठीच्या कण्यातील लगतच्या दोन मणक्यांमधील उपास्थिमय चकतीचा मऊ गाभा तिच्या तंतुमय कड्यातून बाहेर आल्यास तंत्रिकामूळ दाबले जाऊन कमरेपासून पायापर्यंत कळा येतात. आयुर्वेदात वर्णिलेल्या गृध्रसीशी या लक्षणांचे साम्य आहे. व्यथा पुरातन असली, तरी तिचे हे कारण उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले. इटालियन वैद्य दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये तिचा संबंध तंत्रिकेशी जोडला. १९०८ मध्ये बर्लिन येथे ओपेनहाइम व क्राउझे यांनी असा सरकलेला भाग शस्त्रक्रियेने काढला. मात्र तो उपास्थीचे अर्बुद समजला गेला. हा गैरसमज बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दूर केला.

त्यानंतर शस्त्रक्रियेचा झपाट्याने प्रसार झाला. तथापि नॉर्वेतील वेबर यांच्या १९८३ च्या तौलनिक अभ्यासात शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या वर्षी स्पष्ट दिसला, दहा वर्षांनी तो उरला नाही. साध्या कंबरदुखीत सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती पुरेशी ठरते, असे १९८६ मध्ये अमेरिकेत दिसून आले. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहण्याची प्रथा यामुळे मागे पडली.

आज बहुतेक रुग्णांना वेदनाशामके, बेताची हालचाल व व्यायाम यांनीच आराम पडतो. मूत्रावरोध किंवा पायातील वाढता दुबळेपणा आढळल्यास मात्र शस्त्रक्रियेस विलंब करणे घातक ठरते. प्रतिबंधासाठी नियमित व्यायाम करणे, ओझे शरीराजवळ धरून उचलणे व धूम्रपान टाळणे इष्ट होय.