पन्हाळ्याची बंदिवान : महाराणी ताराबाई

१/ ज्या गडावर महाराणी ताराबाईंनी आपल्या पुत्राची गादी स्थापिली, त्याच पन्हाळ्यावर त्यांना सुमारे सोळा वर्षे कैदेत काढावी लागली. ही कैद मोगलांची नव्हती. ती घरचीच होती.

२/ सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही कन्या. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा ताराबाई जेमतेम पंचवीस वर्षांच्या होत्या. बालपुत्र शिवाजीला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली.

३/ १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मोगलांनी शाहूंना सोडले. त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला. साताऱ्यावर शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभारली.

४/ १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच सत्ता पालटली. सवत राजसबाई यांचा पुत्र संभाजी छत्रपती झाला. ताराबाई व शिवाजी नजरकैदेत गेले. १७२६ मध्ये शिवाजी कैदेतच वारला. ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला, तोच उरला नाही.

५/ पुढे वारणेकाठच्या युद्धात शाहूंच्या सैन्याने संभाजीचा पराभव केला. राजपरिवारातील स्त्रिया हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानाने परत पाठवू केले. ताराबाईंनी मात्र पन्हाळ्याऐवजी सातारा निवडला. तिथेही पहारा होताच. पण राजकारणाचे केंद्र आता साताऱ्यास होते.

६/ १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन राज्यांची सीमा ठरली. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील कुरुंदवाडही याच बाजूस. औरंगजेबाला जेरीस आणणाऱ्या संताजी घोरपड्यांची समाधी याच संगमावर दाखवतात. एकेकाळी एका शत्रूविरुद्ध लढलेल्या स्वराज्याचे असे दोन भाग झाले.

७/ १७४९ मध्ये शाहू निवर्तले. राजसबाईंच्या भयाने लहानपणीच लपवून ठेवलेला आपला नातू म्हणून ताराबाईंनी पुढे केलेला रामराजा गादीवर आला. तो पेशव्यांच्या कलाने वागू लागताच, नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. पुढे तो आपला नातू नव्हेच, असेही त्यांनी शपथेवर सांगितले.

८/ पन्हाळ्याची बंदिवान साताऱ्यास पहारेकरी झाली. कैदेने त्यांचा पुत्र नेला, अधिकार नेला; जिद्द मात्र तिला नेता आली नाही. त्या जिद्दीची किंमत रामराजाने मोजली. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी, ताराबाईंचे निधन झाले. पराक्रम आणि कठोरता, दोन्ही एकाच आयुष्यात वाचल्याखेरीज ताराबाई समजत नाहीत.