शेतातले गांडूळ आणि पेटीतले गांडूळ

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आता शाळेतलं पोरही सांगते. पण ही मैत्री मोजून दाखवायला चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाला अर्धे आयुष्य लागले.

१८३७ च्या सुमारास मामाने त्याला आपली कुरणे दाखविली. काही वर्षांपूर्वी वर टाकलेला चुना नि कोळशाची राख मातीखाली गेली होती. मामा म्हणाला, हे काम गांडुळांचे. डार्विनने ते मनावर घेतले. १८४२ साली घराजवळच्या शेतात त्याने खडूचे तुकडे पसरले. १८७१ साली तिथे चर खणला, तर खडूचा पांढरा थर ७ इंच खाली! १८८१ साली त्याचे पुस्तक निघाले. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी दर वर्षी एकरी १० टनांवर कोरडी माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा हिशेब त्याने त्यात मांडला.

ही झाली शेतातली गोष्ट. घरात गांडूळ पाळण्याचा प्रसार केला तो अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या मेरी अ‍ॅपलहॉफ या शिक्षिकेने. १९७२ साली, हिवाळ्यात बाहेर कचरा कुजेना म्हणून, मासे धरायच्या आमिषाला विकतात ती लाल गांडुळे त्यांनी पौंडभर आणली नि तळघरातल्या पेटीत स्वयंपाकघरातला कचरा त्यांना घातला. १९८२ साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिले.

आता ध्यानात घ्या, ही दोन गांडुळे वेगळी. माती खाऊन खोल बिळे करणारे गांडूळ शेतातच शोभते. ते पेटीत कोंडले की टिकत नाही, मग माणूस म्हणतो, ‘हे आपल्याकडे जमत नाही.’ पेटीला शेणकचऱ्यात वरच्यावर राहणारे लाल गांडूळच हवे.

फूटभर खोल, तळाला भोके असलेले खोके सावलीत ठेवा. ओला काथ्या किंवा पाला अंथरा, वर जुने, निवालेले शेण घाला. ताजे शेण तापते, त्यात गांडुळे मरतात. किलोभर गांडुळांना रोज अर्धा किलो कचरा पुष्कळ; सुरुवातीला त्याहून कमीच द्या. तेल, मीठ, मसाल्याचे उष्टे टाळा. वास सुटला तर खाणे जास्त झाले, असे समजा.

डार्विन २९ वर्षे थांबला. आपल्याला दोन-तीन महिनेच थांबायचे आहे!