कवी, व्यापारी आणि कार्टून

माझा भाचा उल्हासनगरला ॲनिमेशन शिकतो. गेल्या पावसाळ्यात त्याने एका छोट्या फिल्मची गोष्ट मला ऐकवली. अंबरनाथमधला एक घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या घड्याळाच्या पोटात त्याला मुंगीएवढ्या माणसांचं गाव सापडतं. ती माणसं त्याला देव मानून त्याची आरती करू लागतात आणि याच्या डोक्यात हवा जाते. मला गोष्ट आवडली. आठ दिवसांनी भाचा तोंड पाडून आला. म्हणाला, ''मामू, बंद केलं ते. हे सगळं सिम्पसन्समध्ये येऊन गेलंय. लोक मला चोर म्हणतील.''

त्या दिवसापासून हा 'चोर' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मग मी भाच्याच्याच संगणकावर मोठ्या माणसांसाठी काढलेली ही विनोदी कार्टून्स पाहिली आणि कल्पनेचा माग काढत मागे मागे गेलो.

'द सिम्पसन्स'चा तो भाग १९९६ सालचा. लिसा नावाची मुलगी पडलेला दात कोलाच्या भांड्यात ठेवते. त्यावर इवल्याशा माणसांचं जग तयार होतं आणि ती माणसं लिसाला देव समजतात. पण ही कल्पना तरी सिम्पसन्सची कुठे? १९६२ साली 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेत एक अंतराळवीर परग्रहावर सापडलेल्या चिमुकल्या माणसांचा देव होऊन बसला होता. त्याआधी, १९४१ साली, थिओडोर स्टर्जन या लेखकाने प्रयोगशाळेत छोटे जीव घडवून त्यांच्याकडून शोध लावून घेणारा शास्त्रज्ञ रंगवला होता. त्याच्याही मागे १७२६ सालचा गलिव्हर आहेच. आणि आपल्याकडे? योगवासिष्ठात दगडाच्या पोटात जगंच्या जगं आहेत. यशोदेने बाळाच्या तोंडात विश्व पाहिलं, ही गोष्ट तर आपण आजीच्या मांडीवर ऐकली.

दुसरा माग काढला तरी तेच. १९९९ साली सुरू झालेल्या 'फ्युचरामा'तला पोऱ्या गोठून जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. गुहेत झोपलेले आणि तीनशेहून अधिक वर्षांनी उठून जुनी नाणी घेऊन बाजारात गेलेले तरुण मी लहानपणीच ऐकले होते. कुराणातली ती कथा ख्रिस्ती परंपरेतही आहे.

गंमत म्हणजे, भाच्याचं दुखणं हाच एका कार्टूनचा विषय झालेला आहे. २००२ साली 'साउथ पार्क'च्या एका भागात एक मुलगा गावाला छळण्याची जी जी युक्ती काढतो, ती ती सिम्पसन्सनी आधीच केलेली निघते. तो वेडा व्हायची पाळी येते. त्याच भागात चिमुकल्या माणसांची गोष्टही येते आणि एक पात्र सांगून टाकतं, की सिम्पसन्सनीसुद्धा ती ट्वायलाइट झोनवरूनच उचलली होती. म्हणजे उसनवारीची कबुली देता देता त्यांनी नवी गोष्ट केली.

मग आलं २०१३ सालचं 'रिक अँड मॉर्टी'. 'बॅक टु द फ्युचर' या १९८५ च्या चित्रपटातला म्हातारा शास्त्रज्ञ आणि पोरगा यांची टवाळी करणारी एक छोटी फिल्म २००६ साली निघाली होती, तिच्यातून ही जोडी जन्मली. २०१५ च्या एका भागात त्या रिकच्या गाडीच्या बॅटरीत एक अख्खं विश्व आहे. तिथली माणसं पायाने यंत्रं चालवून वीज तयार करतात. ती आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटतं, पण त्यातली बरीचशी रिकची गाडी खाते. पुढे त्या विश्वातलाच एक शास्त्रज्ञ स्वतःसाठी तसंच आणखी छोटं विश्व बनवतो, तेव्हा रिकच त्याला अन्याय म्हणजे काय ते शिकवू लागतो! कल्पना जुनीच, पण प्रश्न बदलला. देव कोण, हा प्रश्न मागे पडला. कुणाच्या घामावर कुणाची गाडी चालते, हा पुढे आला.

या उसनवारीचा हिशेब मांडणारा एक माणूस हजार-अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. राजशेखर. त्याच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणत, म्हणजे आपल्याच घरचा म्हणायला हरकत नाही. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात त्याने दुसऱ्याची कल्पना घेण्याचे चार प्रकार सांगितले. पहिला आरशातल्या प्रतिबिंबासारखा: अर्थ तोच, फक्त शब्द फिरवलेले. दुसरा चित्रासारखा: थोडी रंगरंगोटी करून वेगळं भासवलेलं. तिसरा दोन सारख्या चेहऱ्याच्या माणसांसारखा: विषय निराळे, पण साम्य मोठं. चौथ्याला तो 'परपुरप्रवेश' म्हणतो: गाभा एक, पण भोवतीचा सगळा संसार नवा. प्रतिबिंबाला तो नाक मुरडतो, परपुरप्रवेशाला मान देतो. आणि हाच राजशेखर मिस्कीलपणे सांगतो, की कवी आणि व्यापारी यांच्यात चोर नसलेला कुणीच नाही. ज्याला लपवता आलं तो सुखात राहिला.

आपल्या भाषेतली विज्ञानकथा अशीच दुसऱ्याच्या दारातून आली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत उतरली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवलं. पण मूळ लेखकाचं नाव झाकलं नाही, आणि त्याच हातांनी अस्सल पुणेरी फास्टर फेणेही दिला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तो प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर निघाला. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं, ते कथा कथेच्याच बळावर तोलली जावी म्हणून. एरवी लोक दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव लावतात. इथे माणसाने आपल्याच मालावरून नाव काढून घेतलं.

आणि 'झपाटलेला'? गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'ची. महेश कोठारे यांचा चित्रपट १९९३ चा. पण रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याला मराठी बोली आली, मराठी नाव आलं आणि तात्या विंचू आपला झाला. परकायाप्रवेश तर आपल्याला आधीपासूनच ठाऊक होता.

आमच्या या तीन गावांना तरी नक्कल कुठे नवी आहे? दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी कल्याण कॅम्पात फाळणीनंतर जवळपास लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि कॅम्पाचं उल्हासनगर झालं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद लोकलमध्ये सगळ्यांनी ऐकलाय. हसणारे विसरतात, की सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला दुसऱ्याचा नमुना समोर ठेवूनच पहिली शिलाई घालावी लागते. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. त्याची भूमिज शैली माळव्याकडची मानतात. पण पाषाण इथला, हात इथले. त्या देवळाला कुणी नक्कल म्हणत नाही. आणि बदलापूर? इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. घोडा दुसऱ्याचा असला तरी जायचं कुठे ते स्वाराने ठरवायचं असतं.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय भाच्याला उपदेश करायचा मला हक्क नाही. पंचविशीत असताना उल्हासनगरच्या एका कार्यक्रमात मी माझी मराठी गझल वाचली. दार उघडं टाकून गेलेल्या माणसाच्या घरात वारा भाडेकरू म्हणून राहायला येतो, अशा अर्थाचा एक शेर होता. त्यालाच टाळ्या मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध सिंधी गृहस्थ जवळ आले. कापडाचं दुकान चालवायचे. हळू आवाजात म्हणाले, ''बेटा, फाळणीआधी हैदराबाद सिंधला एका मुशायऱ्यात हा शेर मी उर्दूत ऐकला होता. कवीचं नाव आठवत नाही. तू चोरलास असं मी म्हणत नाही. तिकडे राहिलेलं काहीतरी इथे सापडलं, म्हणून सांगायला आलो.''

उर्दूत याला दोन शब्द आहेत. जाणून घेतलं तर 'सर्का', म्हणजे चोरी. नकळत दोघांना एकच सुचलं तर 'तवारुद'. माझं काय होतं? लहानपणी घरच्या रेडिओवर मुशायरे चालत. त्यातलं काही कानात राहिलं असेल आणि मीच विसरलो असेन. मी काय केलं, तर संग्रह छापताना तो शेर गुपचूप गाळला. इभ्रत वाचली असं वाटलं. खरं तर मी राजशेखराचा सल्ला पाळला होता: लपवलं होतं.

आज वाटतं, तो शेर ठेवायला हवा होता आणि खाली एक ओळ छापायला हवी होती, की सिंधमधल्या कुणा अनामिक कवीचं हे देणं आहे. ज्या माणसाचं घर खरोखर उघडं राहिलं होतं, त्याने ते मला आणून दिलं होतं आणि मी ते फेकून दिलं. ते गृहस्थ आता नाहीत.

म्हणून भाच्याला मी एवढंच विचारलं, ''तुझ्या घड्याळातल्या माणसांना वेळ किती वाजलेली दिसते?'' तो थांबला. म्हणाला, ''मामू, घड्याळ बंद पडलेलं आहे. त्यांच्याकडे सत्तेचाळीस सालच असेल.''

हे सिम्पसन्समध्ये नव्हतं. तो पुन्हा कामाला लागला आहे. शेवटच्या पाटीवर कुणाकुणाचे आभार मानायचे त्याची यादी मात्र आम्ही आधीच करून ठेवली आहे. ती बरीच लांब झाली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)