अळीच्या पोटातील माशी : एका मित्रकीटकाचा इतिहास

चेन्नईच्या वेलचेरी भागातून उत्तरेला थोडे गेले की सैदापेट लागते. आज तेथे दाट वस्ती आहे. मात्र 1868 मध्ये सुरू झालेले मद्रास सरकारचे शेतीचे शिक्षण इथलेच. 1906 मध्ये ते कोइम्बतूरला हलले. दक्षिण भारतातील किडींचा पद्धतशीर अभ्यास याच परंपरेत वाढला. फ्लेचर यांचे दक्षिण भारतातील कीटकांवरील पुस्तक 1914 मध्ये मद्रासहून निघाले.

ऊस हे या भागातले महत्त्वाचे पीक. खोडकिडीची अळी कोवळ्या कोंबात शिरते आणि पोंगा वाळतो. महाराष्ट्रातील शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. अळी खोडात दडलेली असल्यामुळे फवारणीचे औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. इथे स्टर्मिऑप्सिस इन्फरेन्स ही टॅकिनिड कुळातील माशी उपयोगी पडते. दिसायला ती घरमाशीसारखीच, करडी आणि केसाळ. मादी अंडी पोटातच उबवते आणि अळीने पाडलेल्या भोकाशी, विष्ठेच्या वासावर, जिवंत पिल्ले सोडते. पिल्लू बोगद्यातून सरपटत जाऊन अळीच्या अंगात शिरते व तिला आतून खाते. पुढे ते अळीबाहेर येऊन कोषात जाते.

हे ऐकायला सोपे वाटते. प्रयोगशाळेत मात्र गर्भार माशीचे पोट फाडून पिल्ले काढावी लागतात आणि ती बारीक कुंचल्याने एकेका अळीवर ठेवावी लागतात. ट्रायकोकार्ड गावोगाव पोहोचले, ही माशी तितकी पोहोचली नाही, याचे एक कारण या किचकट कामात असावे असे वाटते.

आता दुसरी बाजू पाहू. याच कुळातील उझी माशी रेशीमकिड्यावर जगते. बंगालमध्ये ती जुनी होती, कर्नाटकात नव्हती. 1980 मध्ये पश्चिम बंगालमधून आणलेल्या बीजकोषांबरोबर ती तेथे पोहोचली आणि मग तमिळनाडू व आंध्रातही पसरली. ही माशी अळीच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे अंडे घालते. पिल्लू जिथून आत शिरते तिथे काळा डाग पडतो. अळीने कोष विणलाच, तर माशीचे पिल्लू तो भोसकून बाहेर येते. धागा तुटतो आणि कोष रीळकामासाठी वाया जातो. वर्षभर तुती जोपासणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न या एका भोकातून निघून जाते. आज महाराष्ट्रातील रेशीम उत्पादकही संगोपनगृहाच्या दारा-खिडक्यांना जाळी लावतात ती याच भीतीने. नेसोलिंक्स थायमस ही चिमुकली गांधीलमाशी उझीच्या कोषात अंडी घालते. म्हणजे परोपजीवीवर परोपजीवी सोडायचा!

अमेरिकेत याहून मोठी चूक झाली. जिप्सी पतंगाच्या अळ्यांसाठी 1906 मध्ये युरोपातून कॉम्प्सिल्युरा ही टॅकिनिड माशी आणली गेली. ती दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांवर जगू शकते, याचा विचार तेव्हा फारसा झाला नाही. तिथल्या देशी रेशीम पतंगांची संख्या घटण्यामागे हीच माशी असावी, असे मॅसॅच्युसेट्समध्ये केलेल्या व 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. म्हणून परदेशी मित्रकीटक सोडण्यापूर्वी तो आणखी कोणकोणत्या अळ्या खातो, हे आता आधी तपासले जाते.