आधी कोण उठणार? लिनक्समधल्या एका वादाचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने या विषयात का पडावं, असं तुम्ही विचाराल. ऐका तर.

संगणक सुरू झाला की कर्नल वापरकर्त्याच्या बाजूची एकच प्रक्रिया स्वतः उठवतो. तिचा क्रमांक १. नेटवर्क, छपाई, डेटाबेस या बाकीच्या सेवा तिच्यामागून येतात. कोणाला उठवायचं, हे ती कशावरून ठरवते?

युनिक्स सिस्टम फाइव्हकडून आलेल्या पद्धतीत यादी डोळ्यांना दिसायची. प्रत्येक रनलेव्हलची एक डिरेक्टरी. लिंकचं नाव 'एस'ने सुरू झालं तर सेवा चालू करा, 'के'ने झालं तर बंद करा. पुढचा आकडा म्हणजे रांगेतला नंबर. समजायला सोपं. पण रांग एकाच खिडकीची. एक अडला की मागचे सगळे ताटकळत.

२००६ साली उबुंटूने अपस्टार्ट आणलं. ते घटना घडेल तशा सेवा उठवू लागलं. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टमडी पुढे आणलं. त्यांचा विचार असा: सॉकेट आधी उघडून ठेवा, मग सेवा एकदमच सुरू करा, काही तर मागणी येईल तेव्हाच उठवा.

इथे खरी गंमत आहे. 'डिसेबल' केलेली सेवाही उठू शकते! दुसऱ्या सेवेला तिची गरज पडली, किंवा तिच्या सॉकेटवर कोणी दार वाजवलं, तर ती येते. पक्की बंदी हवी असेल तर 'मास्क' करावं लागतं. आमंत्रण न देणं आणि दाराला कुलूप लावणं, यांत फरक आहे ना? तसंच हे.

२०१४ साली डेबियनच्या तांत्रिक समितीत यावर मतं समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. न पटलेल्या काहींनी वेगळी चूल मांडली, ती देवुआन. प्रश्न नुसत्या वेगाचा नव्हता. एकाच कार्यक्रमाच्या हाती किती द्यायचं, आणि यंत्राच्या मालकाला ते कितपत समजावं, हा होता.

माझं मत विचाराल, तर सिस्टमडी उपयोगी आहे. पण आपण 'नको' म्हटलं म्हणजे यंत्राला ते तसंच कळलं, असं धरून चालू नका. घरी गेल्यावर 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स' ही आज्ञा देऊन बघा. तुमच्या यंत्रावर कोणाकोणाला रोज उठायची परवानगी आहे, ते एकदा वाचाच.