मॉल्डोव्हन पाककला

प्रूट व नीस्टर या नद्यांच्या दरम्यान मुख्यत्वे वसलेल्या मॉल्डोव्हा देशाची पारंपरिक स्वयंपाकपद्धती. चौदाव्या शतकात स्थापन झालेल्या मॉल्डेव्हिया संस्थानाचा हा पूर्व भाग होय. सोळाव्या शतकापासून ऑटोमन साम्राज्याचे मांडलिकत्व, १८१२ पासून रशियन सत्ता, १९१८ मध्ये रूमानियात विलीनीकरण, १९४० पासून (युद्धकाळ वगळता) सोव्हिएट अंमल आणि १९९१ मध्ये स्वातंत्र्य या स्थित्यंतरांच्या खुणा तेथील आहारात आढळतात.

मामालीगा हे प्रमुख अन्न. मक्याचे पीठ बिडाच्या भांड्यात घट्ट शिजवून लाकडी पाटावर ओततात व दोऱ्याने कापतात. सोबत मेंढीच्या दुधाचे खारे चीज, आंबवलेली साय व लसणाची पातळ चटणी (मुझ्देई) असते. पूर्वी ही लापशी भरड धान्यांची होत असे; मूळचा अमेरिकन मका येथे सतराव्या-अठराव्या शतकांत रुजला. गहू विक्रीस व करभरणीस जाई आणि शेतकऱ्याच्या चुलीवर मका राही. मक्यातील निआसीन बद्ध स्वरूपात असते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळे करीत. ही रीत मक्याबरोबर यूरोपात आली नाही. परिणामी केवळ मामालीगेवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. दूध व चीज ज्यांना परवडे, त्यांना त्याची झळ कमी बसे.

कोबीच्या किंवा द्राक्षाच्या पानांत भात व मांस गुंडाळून केलेले सारमाले आणि आंबट सूप चोर्बा यांची नावे तुर्की मूळची आहेत. कोंबडी व शेवयांच्या झामा या सूपला आंबट चव येते, ती आंबवलेल्या कोंड्याच्या पाण्याने (बोर्श). बीटरूटचे त्याच नावाचे सूप मात्र युक्रेनकडून आले. दक्षिणेतील तुर्की भाषिक, परंतु धर्माने ख्रिस्ती असलेल्या गागाउझ लोकांत मेंढीचे मांस चरबीत शिजवून टिकविण्याची (काव्हुर्मा) पद्धत आहे. चीज, बटाटा वा कोबी भरलेल्या प्लाचिंता सर्वत्र होतात.

अवर्षण व सक्तीची धान्यवसुली यांमुळे १९४६–४७ मध्ये पडलेल्या दुष्काळात १ लाखाहून अधिक माणसे मृत्यू पावली. गरिबांचे अन्न मानलेली मामालीगाही तेव्हा अनेक घरांत दुर्मिळ झाली होती.